गंजलेली सायकल चेन: वाचवायची कशी, बदलायची केव्हा

अडगळीतून जुनी सायकल बाहेर काढली, पेडल फिरवलं आणि चेन करकरली, की हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो. तेवढं करू नका. निदान इतक्यात नको. गंजावर तेल ओतलं की आवाज थांबतो, चेन काळपट-ओलसर दिसू लागते आणि काम झाल्यासारखं वाटतं. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. सोन्याच्या दागिन्यांना चकाकी आणायला जी तांबडी पूड वापरतात, तीही लोखंडाच्या ऑक्साइडचीच. घासून धातू काढणं हाच तिचा गुण. गंजाची पूड तेलात कालवली की तिचा धातू खरवडणारा लेप तयार होतो, आणि तेल चेनच्या ज्या सांध्यांत शिरतं तिथेच तो लेपही जाऊन बसतो.

मी पहिल्यांदा हाताळलेली गंजकी चेन अशीच घालवली. दोन दिवस तेल पाजलं, चेन मऊ झाली, सायकल वापरायला लागलो. थोड्याच आठवड्यांत ती इतकी लांबली की चढावर उभं राहून जोर लावताच दात्यांवरून सटकली आणि गुडघा हँडलवर आपटला. चेनमध्ये बिघाड झाला तर पडतो तो माणूस. म्हणून खालचं सगळं काम सावकाश करायचं आहे. एक रात्र आणि एक सकाळ हातात ठेवा.

चेनच्या पोटात काय असतं

चेन हातात घेऊन एक कडी नीट बघा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी आडवी पिन आणि पिनेभोवती फिरणारा छोटा नळकांड्यासारखा रोलर. जुन्या पद्धतीच्या चेनमध्ये पिन आणि रोलर यांच्यामध्ये आणखी एक बारीक नळी असते, तिला बुश म्हणतात. गिअरच्या आजच्या बहुतेक चेनमध्ये वेगळी बुश नसते, आतल्या पट्टीलाच तसा उभार काढलेला असतो. १८८० साली हान्स रेनॉल्ड या अभियंत्यांनी या बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं आणि सायकलची चेन मुळात आजही तीच आहे.

चेन वळते ती पिनेभोवती. रोलर फिरतो तो बुशभोवती. झीज होते ती या दोन ठिकाणी, तेलाची गरजही या दोनच ठिकाणी, आणि घातक गंजही इथलाच. पट्ट्यांच्या बाहेरून दिसणारा तांबूसपणा डोळ्यांना खुपतो, पण त्याने चेनचं फारसं बिघडत नाही. उलट बाहेरून बरी दिसणारी चेन आतून जाम झालेली असू शकते. चेन ठेवायची की टाकायची हे रंगावरून ठरवायचं नाही. ती वळते कशी आणि लांबली किती, या दोन गोष्टींवरून ठरवायचं.

आधी परीक्षा, मग मेहनत

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, किंवा मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर लावा. चेनकव्हर असेल तर काढा. कोरड्या फडक्याने चेनवरची सुटी धूळ आणि सुटा गंज पुसून घ्या. आता एका हाताने पेडल उलट दिशेने अगदी हळू फिरवा आणि प्रत्येक कडी मागच्या फ्रीव्हीलवरून, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावरून, सुटताना बघा. चांगली कडी लगेच सरळ होते. जाम कडी वाकडीच राहते, चेनला तिथे कोपरा पडल्यासारखा दिसतो. अशा प्रत्येक कडीवर खडूची किंवा रंगाची खूण करा.

इथेच एक इशारा. फिरत्या चेनजवळ बोटं नेऊ नका. चेन आणि दाते यांच्यामध्ये बोट सापडलं तर ते चिरडतं, तुटूही शकतं. फडकं धरायचं झालं तर चेनच्या मोकळ्या, मधल्या भागावर धरा, दात्यांच्या जवळ नाही. ज्या सायकलला फ्रीव्हील नसतं, म्हणजे चाक फिरलं की पेडलही फिरतंच, तिथे तर चाक पूर्ण थांबल्याशिवाय हात लावूच नका.

मग पट्ट्या बघा. एखाद्या पट्टीला बारीक चीर गेलेली दिसली, गंजाने पट्टीत खड्डे पडले असतील, पट्टी कडेने खाल्ली गेली असेल, रोलर फुटलेला किंवा गळून गेलेला असेल, तर पुढचं काही वाचवायला नको. ती चेन टाकायची. तसंच निम्म्याहून जास्त कड्या जाम असतील तर माझा सल्ला चेन बदलण्याचाच. त्या सुटतीलही, पण आतली पिन तोवर खरबरीत झालेली असते आणि ती पुढे भराभर झिजते.

आता लांबी. सायकलच्या चेनची एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हे माप जवळपास सगळ्या सायकलींना सारखंच. त्यामुळे साधी पोलादी पट्टी पुरते. चेन ताणून धरा, पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. ती पहिली पिन धरली तर पंचविसावी पिन नेमकी १२ इंचांवर यायला हवी. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. बिनगिअरच्या सायकलला थोडी सूट आहे, पण एक पूर्ण सूत पुढे गेली, की कोणतीही चेन संपली असं समजा. अशा वेळी दातेही झिजलेले असण्याची शक्यता बरीच असते.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जातं असा समज आहे. तसं होत नाही. प्रत्येक पिन आणि तिचं भोक थोडं थोडं झिजतं, आणि शंभराहून जास्त सांध्यांतली ती किंचितशी ढिलाई एकत्र होऊन चेन लांब भरते. गंजाची पूड या झिजण्याला जोर देते.

चेन काढणं

चेन सायकलवर ठेवूनही पुसता येते, पण गंज आत गेला असेल तर ती काढावीच लागते. बिनगिअरच्या जुन्या सायकलींच्या चेनला बहुधा एक लॉक असतो: एका बाजूने काढता येणारी पट्टी आणि तिच्यावर माशाच्या आकाराची चपटी क्लिप. पेडल फिरवत तो लॉक शोधा. गंजाखाली तो पटकन दिसत नाही, ब्रश मारून बघावं लागतं. पेचकसाच्या टोकाने क्लिपची दुभागलेली टोकं बंद टोकाच्या दिशेला सरकवली की क्लिप खाचेतून सुटते. सुटताना ती उडते, म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरा आणि खाली फडकं पसरा. गंजून बसली असेल तर रॉकेलचे चार थेंब टाकून अर्धा तास थांबा, पक्कड घालून पिळू नका. क्लिप वाकली तर ती पुन्हा वापरायची नसते.

लॉक नसेल तर चेन तोडायचं हत्यार लागतं, ज्याचा स्क्रू पिनेला एका बाजूने ढकलतो. एक कडी त्यात नीट बसवा, पिन सरळ रेषेत ढकला. बिनगिअरच्या जाड चेनमध्ये पिन पूर्ण बाहेर काढू नका. पलीकडच्या पट्टीत तिचं टोक अडकलेलं राहू द्या, नाहीतर ती परत बसवताना घाम निघतो. गिअरच्या चेनमध्ये ही पद्धत चालत नाही. तिच्या पिनांची टोकं ठोकून फुलवलेली असतात. एकदा काढलेली पिन परत घातली की तो सांधा कच्चा राहतो. तिथे जोडायला क्विक लिंक (पिन न ठोकता जोडता येणारी कडी) किंवा त्या चेनसाठीची वेगळी जोड-पिनच हवी.

भिजवणं

एक रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा घ्या. काही प्लास्टिक रॉकेलमध्ये मऊ पडतात, म्हणून प्लास्टिकचं भांडं नको. चेन बुडेल एवढं रॉकेल ओता. पेट्रोल कधीही वापरू नका. पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. रॉकेलला त्यासाठी साधारण ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापमान लागतं, त्यामुळे ते त्या मानाने बरं, पण तेही पेट घेतंच. काम उघड्यावर करा, जवळ विस्तव, विडी-सिगारेट काही नको, आणि हातमोजे घाला. रॉकेलने कातडी कोरडी पडून चिरते.

रात्रभर भिजू द्या. मधून मधून बरणी हलवा. सकाळी रॉकेल चहासारखं तांबूस-काळं झालेलं असेल. चेन बाहेर काढून तारेच्या ब्रशने पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजू घासा, आणि जुन्या टूथब्रशने रोलरच्या मधल्या फटी. इथे नवखी माणसं चेन चांदीसारखी चमकवण्याच्या नादात तासन् तास बाहेरून घासत बसतात. तो वेळ वळवण्यात घालवा: चेन दोन्ही हातांत धरून तुकड्या-तुकड्याने वर-खाली मोडा, पुन्हा रॉकेलमध्ये बुडवा, पुन्हा मोडा. प्रत्येक वळणाबरोबर सांध्यातून तपकिरी पाणी सुटताना दिसेल. तोच आतला गंज. नव्या रॉकेलमध्ये दुसऱ्यांदा हलवल्यावर ते स्वच्छ राहिलं, की पोट साफ झालं.

वापरलेलं रॉकेल गटारात किंवा मातीत ओतू नका. बरणी दोन दिवस हलवली नाही की गाळ खाली बसतो, वरचं निवळ रॉकेल गाळून पुढच्या वेळी वापरता येतं. भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

व्हिनेगर, लिंबू, फॉस्फोरिक आम्ल घातलेले गंजनाशक द्रव यांबद्दल अनेकदा विचारलं जातं. यांनी गंज विरघळतो हे खरं, आणि मडगार्ड किंवा कॅरिअरच्या पट्टीसाठी ते ठीकही आहेत. चेनसाठी मी ते वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. चेनचं पोलाद कडक केलेलं असतं. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन अशा कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करू शकतो, आणि तो ठिसूळपणा बाहेरून दिसत नाही. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या चेनबरोबरच्या सूचनांमध्येही आम्लाचे किंवा अल्कलीचे गंज काढणारे द्रव वापरू नका, चेन तुटून गंभीर इजा होऊ शकते, असं स्पष्ट बजावलेलं असतं.

हट्टी कड्या

भिजवूनही दोन-चार कड्या ताठच राहतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो पट्ट्यांच्या मधल्या फटीत पाचरीसारखा बसतो. अशी कडी नेहमीच्या दिशेने जोराने मोडली तर सुटायला वेळ लागतो. ती आडवी हलवायची असते. कडीच्या दोन्ही बाजूंनी चेन धरा, अंगठे त्या सांध्यावर ठेवा आणि चेन जशी कधी वळत नाही तशी, म्हणजे बाजूला, अगदी हलकेच डावीकडे-उजवीकडे लववा. पट्ट्या केसभर दूर होतात आणि फटीतली पूड मोकळी होते. एक थेंब रॉकेल, पुन्हा लववणं, मग नेहमीच्या दिशेने वळवणं. पाच-सहा वेळा केलं की बहुतेक कड्या सुटतात. जोर मात्र बोटांचाच. पकडीने पिळलं तर पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी दात्यांवर चढते.

तरीही एखादी कडी सुटली नाही तर हातोडी उचलू नका. ती आणि तिच्या शेजारची अशा दोन कड्या काढून तिथे तशाच मापाच्या दोन कड्या जोडता येतात, पण जुन्या झिजलेल्या चेनमध्ये नवा तुकडा घातला की पिनांचं अंतर जुळत नाही आणि तो तुकडा दात्यांवर टकटक करत राहतो. अशी कडी एकच असेल आणि बाकी चेन लांबीच्या परीक्षेत चांगली ठरली असेल तरच हा खटाटोप करावा.

धुणं, वाळवणं, तेल

रॉकेल आत राहिलं तर नवीन तेल पातळ होऊन लवकर निघून जातं. म्हणून साबणाच्या गरम पाण्यात चेन खळबळून घ्या, साध्या पाण्याने धुवा आणि ताबडतोब पुसा. इथे दिरंगाई नको. तेलाचा थर निघालेल्या उघड्या पोलादावर पाणी राहिलं तर काही तासांत पुन्हा तांबूस छटा येते. पुसून, झटकून, कडक उन्हात लटकवून ठेवा. चेन हलवल्यावर आतून पाण्याचा थेंब येत नाही इतकी ती कोरडी झाली पाहिजे.

तेल कोणतं? सायकलच्या चेनसाठी मिळणारं तेल सगळ्यात चांगलं. ते नसेल तर मध्यम दाट मशीन ऑइल. शिलाई मशीनचं तेल आत छान शिरतं पण पातळ असल्याने लवकर उडतं, वारंवार घालावं लागतं. स्वयंपाकाचं तेल नको. हवेत राहून ते चिकट होतं आणि शेवटी डिंकासारखं बसतं. गाडीतून काढलेलं जुनं काळं इंजिन ऑइलही नको, त्यात धातूची पूड असते. ग्रीस बाहेरून फासून उपयोग नाही, ते फटीत शिरत नाही आणि धूळ तेवढी गोळा करतं. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याच्या नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. १९५३ मध्ये ते बनलं ते पाणी हटवण्यासाठी, नावातली दोन अक्षरं त्याचीच (वॉटर डिस्प्लेसमेंट). जाम झालेला नट किंवा क्लिप सोडवायला ते उत्तम, पण चेनचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

तेल चेन सायकलवर बसवून झाल्यावर घालायचं. खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब, तोही पट्टीच्या कडेला पडेल असा. लॉकपासून सुरुवात करा म्हणजे एक फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. शंभरावर रोलर आहेत, कंटाळा येईल, पण धार सोडून उरकू नका. झालं की पेडल मिनिटभर उलट फिरवा, अर्धा तास तेल मुरू द्या आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. चेन हाताला जेमतेम ओशट लागली पाहिजे. बाहेर उरलेलं तेल धुळीला चिकटवतं, आणि धूळ मग आत जाते.

बसवताना

चेन निघालेली आहे तोवर पुढच्या चेनव्हीलचे (पेडलजवळच्या दातेरी चाकाचे) आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते ब्रशने साफ करा आणि निरखून बघा. चांगला दाता दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दाता एका बाजूला कललेला, आकड्यासारखा दिसतो. अशा दात्यांवर नवीन चेन चढवली तर ती सटकते आणि स्वतःही लवकर झिजते, म्हणून चेन बदलायची वेळ आली असेल तर फ्रीव्हीलही बदलण्याची तयारी ठेवा. नवीन चेनची लांबी ठरवताना जुनीच्या शेजारी ठेवून टोकाला टोक मिळवू नका, कारण जुनी लांबलेली आहे. पिना मोजा आणि तेवढ्याच ठेवा. रुंदीही बघून घ्या: बिनगिअरच्या सायकलींच्या चेनची आतली रुंदी बहुधा एक सूत, गिअरच्या सायकलींची पाऊण सूत.

चेन दात्यांवर चढवून लॉक लावा. क्लिपची दिशा महत्त्वाची. चेनच्या वरच्या पदरावर क्लिपचं बंद टोक पुढे, म्हणजे चेनव्हीलकडे, यायला हवं. उलटी बसली आणि उघडं टोक कुठे घासलं, तर क्लिप निसटून चेन चालत्या सायकलवरून उतरते. क्लिप दोन्ही खाचांत टक्कन बसली का, ते डोळ्यांनी बघा.

बिनगिअरच्या सायकलचं मागचं चाक आता मागे ओढून ताण बसवायचा. दोन्ही बाजूंचे नट सैल करा, चाक मागे घ्या आणि चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून बघा. एकूण अर्धा इंच हलली पाहिजे. पेडल थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी हे तपासा, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. चेन जिथे सगळ्यात घट्ट होते तिथे अर्धा इंच मोकळीक ठेवा. फार घट्ट चेन जड चालते आणि बेअरिंग खाते. चाक चौकटीच्या दोन्ही दांड्यांपासून सारख्या अंतरावर आहे ना, हे बघूनच नट आवळा. चाक सरकल्याने मागचा ब्रेकही हललेला असतो, तो जुळवून घ्या.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागेत आणि बसूनच मारा. उभं राहून जोर द्यायचा नाही. कान चेनकडे ठेवा: ठरावीक वेळाने येणारी टकटक म्हणजे एखादी कडी अजून ताठ आहे, सतत खरखर म्हणजे चेन कुठेतरी कव्हरला घासते आहे. दोन-तीन किलोमीटरनंतर थांबून मागचे नट पान्याने पुन्हा तपासा आणि चेनचा ताण परत बघा. बाहेर आलेलं काळं तेल पुसून टाका. पहिले काही दिवस ते येतच राहतं, आणि त्यात तांबूस झाक दिसली तर चेन पुन्हा उतरवून एक रात्र रॉकेलमध्ये घाला.